मेंदूभोवतीचा बंदोबस्त

केस गळाल्यापासून मुक्ताच्या कानशिलावरची निळी शीर स्पष्ट दिसते. दुपारी ती झोपली की मी त्या शिरेकडे बघत बसते. माझ्या या मुलीच्या मेंदूत गाठ आहे. सलाईनमधून औषध चालू आहे, पण गाठीपर्यंत ते पुरेसं पोचतच नाही.

"असं का होतं?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

त्या खुर्ची ओढून बसल्या. "बाळ पोटात असतानाच मेंदूतल्या पेशी तिथल्या रक्तवाहिन्यांना निरोप धाडतात, की भिंती घट्ट करा, भलतंसलतं आत येऊ देऊ नका. त्याच भिंती आता औषधालाही अडवतात."

म्हणजे हे माझ्याच पोटात घडलं. तिला काही बाधू नये म्हणून मी तेव्हा पपई टाळत होते, ग्रहणात घराबाहेर पडत नव्हते. आत तिचा इवलासा जीवही तेच करत होता. कुणाचंच काही चुकलं नाही. चुकलं असतं, तर निदान कुणावर तरी रागावता आलं असतं.

मुक्ता जागी झाली. "आई, लागू पडतंय का गं औषध?"

"पडेल."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग ती पलंगावर जराशी सरकली आणि तिनं मला शेजारी जागा करून दिली.