राखीव सिलिंडर

सत्तरच्या दशकात माझं पोस्टिंग उंच बर्फातल्या एका फील्ड अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, म्हणजे फौजेच्या फिरत्या इस्पितळात होतं. हुद्दा हवालदार, ट्रेड नर्सिंग असिस्टंट, गाव सोलापूरजवळचं मंद्रूप. माझ्याकडं ऑक्सिजनचं काम होतं. रोज सकाळी सहाला प्रत्येक सिलिंडरचं प्रेशर बघायचं, वॉशर तपासायचे आणि आसपास विडी ओढणाऱ्याला चार शिव्या हासडायच्या. गोळीबाराला मी घाबरायचो, पण सिलिंडरला त्याहून जास्त.

नाईक नरसय्या आमच्याच युनिटचा ड्रायव्हर. सोलापूरच्या विणकर घरातला, घरी तेलुगू आणि आमच्याशी मराठी बोलायचा. वर बर्फात त्याला न्यूमोनिया झाला, फुप्फुसं कायमची अधू झाली आणि फौजेनं त्याला घरी पाठवलं. घरी बसून भागणार नव्हतं, म्हणून तो पॉवरलूमवर लागला. तिथं सुताचे तंतू छातीत जात राहिले. मी मे महिन्यात रजेवर आलो, तेव्हा त्याला एका दमात एक वाक्य पुरं करता येत नव्हतं.

डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन ठेवायला सांगितलं. त्याची बायको पद्मा मला म्हणाली, "भाऊ, आमाला त्यातलं काय बी कळत न्हाय. तुमीच बगून आणा."

आता विजेवर चालणारी, खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारी मशिनं मिळतात. तेव्हा आमच्यापुढं फक्त सिलिंडर होता. दुकानदार सर्वांत मोठा गळ्यात मारायला बघत होता. मी मधले दोन घेतले. नरसय्याची खोली माडीवर, जिना अरुंद. शिवाय एक चालू आणि एक राखीव, हा आमचा फौजेतला नियम. काळं अंग, पांढरी मान ही ऑक्सिजनची खूण; ती आणि तोंडाचं सील बघून घेतलं. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासली. डॉक्टरांनी मिनिटाला दोनच लिटर लिहून दिले होते. अशा छातीला जास्त ऑक्सिजन दिला तर श्वासच मंदावतो. लोकांना वाटतं, जास्त दिला की लवकर बरं वाटेल. अति तिथं माती.

घरच्यांना समोर बसवून मी ब्रीफिंग दिलं. खोलीत विडी नाही, चूल नाही, दिवा-उदबत्ती नाही. सिलिंडर उन्हात ठेवायचा नाही. दोन लिटरच्या वर काटा न्यायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. पद्माचा भाऊ राजय्या तर हाताची घडी घालून, शाळेतल्यासारखा ऐकत होता. तो लूमच्या कारखान्यात जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करणं हे त्याचं काम, आणि कुरकुरणारी कुठलीही वस्तू त्याच्याच्यानं बघवत नसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन चाळीसला पहिल्या सिलिंडरची सुई लाल पट्ट्यात गेली. मी पाना घेऊन राखीव सिलिंडरकडं वळलो. त्याचं तोंड चमकत होतं. बोट लावलं तर बुळबुळीत लागलं. वास मागाच्या तेलाचा.

"राजय्या, हे काय?"

"चावी लई जड फिरत होती की. सील काडून सकाळी तेल सोडलं. आता बगा कशी लोण्यावानी फिरती."

मी पाना खाली ठेवला. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन तेलाला लागला की तेल पेट घेऊ शकतं. त्याला काडी लागत नाही. वर बर्फात एका शिपायानं घट्ट बसलेल्या व्हॉल्व्हला ग्रीस लावलं होतं. त्याच्या भाजलेल्या दोन्ही हातांना पट्ट्या मीच बांधल्या होत्या.

"हा उघडायचा न्हाय. टांगा घे, दुसरा आण. पळ."

राजय्या अनवाणीच पळाला.

"पुसून घ्या की, भाऊ," पद्मा म्हणाली.

"चावीच्या आट्यांत मुरलंय, वैनी. पुसून जात न्हाय."

नरसय्याला पुढं वाकवून, उशीवर हात टेकवून बसवलं. खिडकी उघडली. अरुंद जिन्यानं खाली उतरवून दवाखान्यात नेण्याइतका दम त्याच्यात नव्हता. आहे तो ऑक्सिजन पुरावा म्हणून फ्लो एक लिटरवर आणला.

"उस्ताद, सुई?" त्यानं विचारलं.

"हाय अजून."

खोटं होतं. चार वाजून पाच मिनिटांनी, ऑक्सिजन ज्यातून जायचा त्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे थांबले. त्यानं बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओठ निळे पडत होते. खाली टांग्याचा आवाज येतो का म्हणून माझे कान रस्त्याला लागले होते.

"उघडा, भाऊ," पद्मानं माझं मनगट धरलं. "जळलं तर जळू दे."

मी रेग्युलेटर राखीव सिलिंडरवर बसवला. चावी लावली. काढली. पुन्हा लावली. उघडलं तर कदाचित तो वाचेल, कदाचित आम्ही तिघंही पेटू. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

नरसय्यानं हात वर केला. "उस्ताद… नका उघडू. बायको हाय… हितं."

मी चावी खाली ठेवली. चार अठ्ठावीसला तो गेला. चार पस्तीसला राजय्या नवा सिलिंडर एकट्यानं खांद्यावर घेऊन जिना चढून आला.

रात्री त्यानं मला विचारलं, "माजे भावजी माज्या तेलानं गेले का?"

"न्हाय. छातीच संपली होती त्याची."

पुढचं मी गिळलं. विडी सांगितली, चूल सांगितली, तेल सांगितलं नाही. आमच्या कामात ते पहिल्या दिवशीच शिकवतात, मला ते अंगवळणी पडलं होतं, म्हणून जॉबरच्या घरात ते सांगावं हे मला सुचलंच नाही. चूक माझी होती. राजय्या ती स्वतःची समजून जगला आणि तसाच वारला. याची मला लाज वाटते.

शहिदांच्या दगडावर नाईक नरसय्याचं नाव नाही. तो सोलापुरात, आपल्या खाटेवर गेला. माझ्या लेखी तो ड्युटीवर पडला. शेवटचा हुकूम त्यानं दिला, त्याच्याहून वरचा हवालदार असून मी तो पाळला. त्यानं हात वर केला नसता तर मी ती चावी फिरवली असती का, हे मला आजही सांगता येत नाही.