घटाचे हिरवे अंकुर

मी तेव्हा सोलापुरात शाळामास्तर होतो. पोरांना सृष्टिविज्ञान शिकवायचो आणि चांगलाच दीडशहाणा होतो. त्या साली बायको क्षयानं अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर म्हणाले, घरात हवा-उजेड खेळू द्या. झालं! घट बसले त्याच दिवशी मी देवघराच्या झरोक्यात कोंबलेलं पोतं ओढून काढलं. आई ओरडली, "आरं, घट अंधारातच वाढतो!" मी म्हणालो, "डोंबल वाढतंय अंधारात!"

खरं तर वाढतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. अंधारातला अंकुर दाण्यातली शिदोरी खात, उजेड शोधत उंच पळतो. पिवळाधमक दिसतो, पण शिदोरी संपली की मान टाकतो. लोक त्यालाच सोनं समजून दसऱ्याला टोपीत खोवतात. उजेड मिळाला की पात्यात हिरवा रंग भरतो आणि त्या रंगाच्या जोरावर पातं हवेतल्या कर्बवायूतून नि पाण्यातून आपलं अन्न आपण करतं. मग उंच पळायची त्याला गरजच उरत नाही. ही विद्या आधी पाण्यातल्या शेवाळासारख्या जीवांना साधली असावी, असंही मी वर्गात रंगवून सांगायचो.

बायको मोहोळकडच्या शेतकऱ्याची लेक. बाजेवरून तिला दारातून घट दिसायचा आणि ती तासन्‌तास तिकडंच बघत असायची. आठव्या माळेला अंकुर जेमतेम चार बोटं होते, हिरवेगार. "लई खुजं राहिलं की," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीकडं वळली. त्या दिवसापासून दुधाचा पेला परत जायला लागला. शेवटी आईनं मला बाजूला घेतलं. "तिनं मनात धरलं व्हतं रं, घट वीतभर आला तर आपण उठणार म्हणून."

मी बाजेशी बसलो आणि सगळं सांगत सुटलो. अगं, आपले हिरवे अंकुरच धडधाकट होते, पिवळे असतात ते उपाशी! झरोका मीच उघडला गं, म्हणून ते ठेंगणे राहिले. ती डोळे मिटून ऐकत होती. दसरा होऊन चार दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी ती गेली.

माझं बोलणं संपल्यावर तिनं हळूच विचारलं होतं, "साळंतल्या पोरांना हे समदं सांगता व्हय?"

"सांगतो की."

"मग मला कदी सांगितलं न्हाईत?"