वजा केलेला शब्द

कवठे महांकाळच्या स्टँडमागं कीर्ती चौगुलेचं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. बाकीचे नुसतं नाव टाकतात आणि म्हणतात, नेटवर काय न्हाई बघा! अहो, असं सापडतं होय? कीर्ती नाव अवतरणचिन्हांत घालायची, म्हणजे ते जोडीनंच शोधलं जातं. नको त्या शब्दाआधी वजा लावायची, म्हणजे तो शब्द असलेलं अख्खं पान, अख्खी फाइलच गायब.

पण गावाला शोधून देणाऱ्या या बाईला सख्खा भाऊ सापडत नव्हता. आर्जव बापाशी भांडून कर्नाटकात गेला, तो गेलाच. नंबरही बदलला. त्या भांडणात कीर्ती बापाच्या बाजूनं बोलली होती, "जातोस तर जा" म्हणाली होती, आणि ते तिला फार सलायचं.

दुकान आवरायच्या आधी ती रोज त्याचं नाव टाकायची. शेजारी आई, राजमती, बसायची. पहिल्याच दिवशी कुणा भलत्याच आर्जव चौगुलेंच्या निधनाची बातमी समोर आली. आई दचकली. "तसलं अभद्र नगं दावू गं. माझं लेकरू जित्तं हाय." कीर्तीनं 'निधन' शब्दाआधी वजा लावला. आईला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिलाही. मग तो वजा वर्षानुवर्षं तसाच राहिला. बांगडी फुटली तरी वाढली म्हणणारी माणसं आपण, मरणाचं नाव कोण घेणार?

परवा अमृत नावाचं गिऱ्हाईक आलं. त्याच्या आजोबांची निधनवार्ता बेळगावकडच्या जैन समाजाच्या मराठी मासिकात छापून आली होती, ती त्याला हवी होती. कीर्तीनं, अर्थातच वजा न लावता, नेटवर मासिकाचा तो जुना अंक काढला. आजोबा सापडले. त्याच्या आधीच्याच पानावर चौकट होती: 'आर्जव चौगुले, मूळ सांगली जिल्हा, दवाखान्यात आहेत. नातेवाइकांनी संपर्क साधावा.'

तिनं मासिकाचे बाकीचे अंकही उघडून बघितले. अख्खा अंक नेटवर एकाच फाइलीत असायचा, आणि दर महिन्याला शेवटच्या पानावर निधनवार्ता असायच्या. कुणी ना कुणी म्हातारं माणूस गेलेलं असायचंच. त्या एका शब्दापायी प्रत्येक अंक तिनं आपल्याच हातानं बाजूला सारला होता. काय म्हणावं या शहाणपणाला!

तिनं चौकटीखालचा नंबर लावला. पलीकडचा माणूस हळहळला. "लय उशीर केलासा, ताई. अंक निघाल्यावर बरेच दिवस काढले त्यांनी. गेल्या पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत म्हणायचे, माझी बहीण कंप्युटरवाली हाय, ती मला हुडकून काढंल."

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. राजमती ऊर बडवून रडली. रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "त्यांनी छापलं तवा आपल्याला कसं गं दिसलं न्हाई?"

वजा कुणाच्या सांगण्यावरून लागला, हे म्हातारीला आठवत नव्हतं. कीर्तीनं पदरानं आईचं तोंड पुसलं.

"माझ्याच नजरेतनं सुटलं, आई," ती म्हणाली.