साडूंचं कासव

माझ्या साडूंइतक्या गांभीर्यानं कार्टून बघणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. मुळात ‘कार्टून’ हा शब्दच त्यांना चालत नाही. एकदा मी तो त्यांच्यादेखत सहज उच्चारला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि उलटतपासणीला उभ्या असलेल्या साक्षीदाराला विचारावं तसं मला विचारलं, “साडूभाऊ, तुम्ही अभंगाला गाणं म्हणता का?” मी नाही म्हणालो. “मग ह्याला ॲनिमेशन म्हणा,” ते म्हणाले, आणि विषय तिथं संपला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, हे यजमान नांदेडच्या कोर्टात वकिली करतात. बांधाच्या दाव्यांत त्यांचा हातखंडा. अंगानं आडवे, मिशी भरघोस, आणि आवाज असा की समोरच्या पक्षाचा साक्षीदार शपथ घेतानाच निम्मं विसरतो. असा हा माणूस संध्याकाळी सहाच्या सुमाराला काळा कोट खुंटीला अडकवायचा, लुंगी लावायचा, चुरमुऱ्यांच्या सुशिल्याची बशी मांडीवर घ्यायचा आणि टीव्हीसमोर बसायचा. त्या वेळेला अशील आला तर त्यालाही बसून बघावं लागे. इस्लापूरकडचा एक शेतकरी मनाई हुकुमाचं विचारायला आला होता. तो दोन भाग बघून तारीख न विचारताच गेला आणि पुढच्या खेपेला येताना सोबत बायकोला घेऊन आला.

हा नाद त्यांना कोरोनात कोर्टं बंद होती त्या काळात लागला. घरात बसून त्यांनी आधी बातम्या बघितल्या, मग सिनेमे, आणि दोन्हींचा कंटाळा आल्यावर ते ह्या चित्रांपाशी येऊन थांबले. ह्या बाबतीत त्यांची काही ठाम मतं आहेत. हाडामांसाचा नट बिदागी घेऊन रडतो, त्यामुळे त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. चित्राला मात्र खोटं रडताच येत नाही. भाग संपल्यावर वर सरकत जाणारी नावं ते शेवटपर्यंत वाचत. कुणी उठायला लागलं की हातानं खाली बसवत. “हे नाव बघा,” ते एकदा मला म्हणाले, “ह्या माणसानं चित्रात नुसतं पाणी काढलंय. बाकी काही न्हाई, पाणीच. काय जिंदगी आहे बघा.” मी बघितलं. नाव बघता बघता वर निघून गेलं.

त्यांची सगळ्यांत आवडती मालिका एका कासवाची होती. परदेशातल्या एका ॲप-कंपनीची, पण हिंदीत आणलेली. हे कासव नदीकाठच्या बारक्या जनावरांना पाठीवर बसवून पलीकडं नेऊन सोडतं. एका सकाळी उठून बघतं तर नदीच नाही. मग ती कुठं गेली हे शोधत ते वरच्या अंगाला चालायला लागतं, आणि दोन सीझन चालतच राहतं. मी लातूरचा. नदी कुठं गेली हा प्रश्न आमच्याकडं करमणुकीत धरत नाहीत, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही. साडूंना मात्र ते कासव आपल्या एखाद्या जुन्या अशिलासारखं वाटे. “दावा खरा आहे,” ते म्हणायचे, “पण बिचारं एकटं लढून राहिलं.”

त्या घरात ही मालिका बघणारं आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे आमच्या सासूबाई. आम्ही दोघं जावई त्यांना मामी म्हणतो. मामी देगलूरच्या. सासरे गेल्यावर घराला कुलूप लावून थोरल्या लेकीकडं राहायला आल्या. वळण जुनं. जावयासमोर खुर्चीवर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं तर मुळीच नाही. साडूंच्या लग्नाला पाव शतक उलटलं होतं, तरी सासू-जावयाचं जे काही बोलणं झालं ते सगळं आक्काच्या मार्फत. “वकीलसायबाला म्हणावं, पाणी तापलंय,” असं मामी म्हणायच्या, तेव्हा वकीलसाहेब त्यांच्यापासून दोन हातांवर दाढी करत असायचे. “त्यांना म्हणावं, आलोच,” असं साडू आरशाकडं बघून म्हणायचे. दोन्हीकडचे निरोप ऐकून आक्का पोळ्या लाटत राहायची.

कासवाची सगळी कथा मामींनी आधी स्वयंपाकघरातून नुसती ऐकली. मग त्या दाराशी येऊन उभ्या राहायला लागल्या. मग उंबऱ्याच्या आत पाट आला, आणि तो हळूहळू सरकत टीव्हीपासून साडूंच्या इतक्याच अंतरावर येऊन बसला. देगलूरला त्यांच्या शेजारणी तेलुगू बोलणाऱ्या, त्यामुळे कासवाला त्या ‘ताबेलू’ म्हणत. “ताबेलू दमलंय,” असं त्या टीव्हीकडं बघून सांगायच्या. साडूही टीव्हीकडंच बघून उत्तर द्यायचे, “दमलं न्हाई. विचार करून राहिलं.” “विचार करायला सावलीत बसावं की मग.” “सावली कुठाय तिथं?” असं सगळं संभाषण टीव्हीच्या मध्यस्थीनं चाले आणि रीतीला कुठं धक्का लागत नसे. आक्काला मात्र निरोप पोचवायच्या कामातून अचानक रजा मिळाली. हे तिनं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं, तेव्हा तिला आनंद झाला होता की थोडं वाईट वाटलं होतं, हे बायकोला नीट कळलं नाही.

अशात एका दुपारी मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असताना साडूंचा फोन आला. “साडूभाऊ, बसलेले आहात का?” मी उभा होतो, बसलो. “बातमी वाईट हाय.” मामींचं वय माझ्या डोळ्यांसमोर आलं. साडू म्हणाले, “कासवाची कंपनी खर्च कमी करून राहिली. ॲनिमेशनचा अख्खा विभाग बंद. चित्रं काढणारी माणसं घरी पाठवली. कासवाचा तिसरा सीझन येत न्हाई.” मी सुटकेचा श्वास टाकून म्हणालो, “एवढंच ना?” साडूंनी फोन असा आपटला, की कोर्टात असतो तर मी जामीनच मागितला असता. पुढं आठवडाभर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यानंतर फोन आला तो दुसऱ्या बातमीचा. जे दोन सीझन आहेत तेसुद्धा महिनाअखेर ॲपवरून काढून टाकणार होते.

वकील माणूस असं झाल्यावर जे करतो ते साडूंनी क्रमानं केलं. पहिल्यांदा त्यांनी कंपनीच्या अटी आणि शर्ती काढून वाचल्या. आपण सगळे ज्या मजकुराखाली न बघता ‘मान्य’ म्हणून मोकळे होतो, तो सबंध मजकूर वाचणारा मी पाहिलेला हा पहिला आणि शेवटचा माणूस. कोणताही कार्यक्रम केव्हाही काढून टाकण्याचा हक्क कंपनीनं स्वतःकडं ठेवलेला होता. साडूंनी ते कलम मला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाले, “माणूस नालायक असंल, पण मसुदा फस्क्लास केलाय त्यानं.” मग त्यांनी ग्राहकसेवेला फोन लावला. पलीकडून एक मुलगी अतिशय गोड हिंदीत बोलत होती. साडू म्हणाले, “बेटी, मला पैसे परत नको. कासव नदीपर्यंत पोचलं का, एवढंच तुमच्या साहेबाला विचारून सांग.” तिनं त्यांना थोडं थांबायला सांगितलं, बासरी ऐकवली आणि परत येऊन विचारलं, “सर, क्या मैं आपकी और कोई सहायता कर सकती हूँ?” साडू म्हणाले, “तू कासव बघितलंस का?” मुलगी एकदम साध्या आवाजात म्हणाली, “नहीं सर, टाइम नहीं मिलता.” हा किस्सा सांगताना त्यांना तिच्याविषयी काही तक्रार नव्हती. उलट, “पोरीला बघायला वेळ मिळायला पाहिजे होता,” असं ते दोनदा म्हणाले.

त्या मालिकेच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक गट होता. सगळी कॉलेजातली पोरंपोरी, देशोदेशीची. साडू त्यात शिरले ते काळ्या कोटातला, मागं कायद्याच्या पुस्तकांचं कपाट असलेला फोटो लावून. कंपनीनं दमदाटीला वकील पाठवला असं समजून निम्मी पोरं गप्प झाली. हा गडी आपल्यातलाच आहे हे कळल्यावर त्यांनी कंपनीला पाठवायचा अर्ज साडूंवरच सोपवला. साडूंनी तो इंग्रजीत लिहिला, पण दिवाणी दाव्याच्या धाटणीनं. कासव कुठून निघालं, कुठवर आलं, त्याची वहिवाट कशी मोडली गेली, आणि अर्ध्या वाटेत त्याला सोडून देण्यानं अर्जदारांचं भरून न येणारं नुकसान कसं होतं, हे सगळं परिच्छेदांना आकडे घालून. कुठल्याशा लांबच्या देशातल्या एका मुलीनं त्याचं साध्या इंग्रजीत रूपांतर केलं, तेव्हा तो सगळ्यांना कळला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. कंपनीचं उत्तर आलं. आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात, असं त्यात होतं. कासवाचा उल्लेख नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी योगायोगानं आम्ही नवरा-बायको नांदेडला होतो. संध्याकाळी दोघी बहिणी भाजी आणायला बाहेर पडल्या. साडूंनी शेवटचा भाग लावला. मामी पाटावर बसल्या. मी सोफ्याच्या कोपऱ्यात होतो, पण माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. कासव चालत चालत एका भल्यामोठ्या भिंतीपाशी येतं. भिंतीत लोखंडी गेट, बंद. कासव त्याला कान लावतं. आतून पाण्याचा आवाज येतो, आणि तिथंच सीझन संपतो. साडूंनी सगळी नावं वाचली. पाणी काढणाऱ्याचं नाव आलं तेव्हा त्यांनी बोटानं दाखवलंही नाही. मग टीव्हीवर आपोआप स्वयंपाकाची कसली तरी स्पर्धा सुरू झाली. त्यांनी तो बंद केला.

मामींनी सवयीनं टीव्हीकडं बघत “ते गेट...” असं सुरू केलं आणि थांबल्या. बोलायला टीव्ही उरला नव्हता. आक्का घरात नव्हती. त्यांनी पदर सारखा केला, मान थोडी वळवली आणि विचारलं, “वकीलसायब, ते गेट उघडंल का हो?”

कोर्टात ज्यांचा शब्द कधी अडखळला नाही ते साडू उभे राहिले. लुंगी सावरली. “उघडंल, मामी,” ते म्हणाले. “म्हंजे, मागणी कोण करतं त्यावर आहे.”

“कोन करनार? बारकी जनावरं. त्यांचं कोन ऐकतंय?”

“कासव करील ना.”

“ताबेलू बोलत कुटं हाय कुनाला? नुस्तं चालतंय.”

“एवढ्या लांब चालत आलं, मामी, तोच त्याचा अर्ज झाला.”

“अर्जानं गेटं उघडली आस्ती,” मामी म्हणाल्या, “तर तुमचं कोर्ट बंद पडलं आस्तं.”

साडू हसले. आधी मिशीत, मग सगळ्या अंगानं. ते खाली बसले, पण खुर्चीवर नाही, सतरंजीवर, आणि म्हणाले, “बरं, मग तुमचं म्हणणं मांडा.” मामींनी मांडलं. आक्का भाजीची पिशवी घेऊन परत आली तेव्हा दोघांचा वाद चांगला रंगला होता. ती दारातच उभी राहिली. माझी बायको मागून आत जाऊ बघत होती, तिलाही तिनं हातानं थांबवलं.

कासव गेलं ते गेलंच. पोरांच्या त्या गटात पुढं काही काळ कुजबुज होती, की दुसरी कुठली कंपनी मालिका घेणार म्हणून. तीही हळूहळू विरली. साडू सहाला बसतात, सुशिला खातात, पण दुसऱ्या कशात त्यांचं मन लागत नाही असं आक्का सांगते. टीव्ही पुष्कळदा बंदच असतो. सासू-जावई गेटाच्या पलीकडं काय असेल ह्यावर बोलत असतात, आणि त्यातून देगलूर निघतं, सासऱ्यांचं दुकान निघतं, साडूंच्या शिरूर अनंतपाळच्या घरची विहीर निघते.

दिवाळीनंतर मामी महिनाभर आमच्याकडं लातूरला आल्या. त्यांना करमावं म्हणून मी मुद्दाम शोधून एक ॲनिमेशन लावलं, बदकांचं. मामी दाराशी बसल्या, पदर पुढं ओढून. दोन बदकं पडली, तेव्हा मी मोठ्यानं हसून बघितलं. भाग संपल्यावर त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, चांगलं होतं.” संध्याकाळी साडूंचा फोन आला की त्या गॅलरीत जाऊन बसायच्या. काचेच्या दारातून आवाज यायचा, “न्हाई वकीलसायब, नदी काय आपल्या खुशीनं गेली का? वळवून नेली तिला.” मग बराच वेळ ऐकत राहायच्या, आणि कधीकधी हसायच्या. मामींचं हसू मी तोवर ऐकलेलं नव्हतं.

त्यांना परत सोडायला मी एस.टी.नं नांदेडला निघालो. त्या खिडकीशी बसल्या, मी शेजारी, मध्ये त्यांची पिशवी. अहमदपूर मागं पडलं. बोलावं असं मला फार वाटत होतं, पण कॉलेजात तास तास बोलणाऱ्या मला एक वाक्य सापडत नव्हतं. लोह्याच्या अलीकडं बस एका पुलावरून गेली. खाली ओढा होता, पात्रात नुसते गोटे. मामी वाकून बघत होत्या. मी समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत म्हणालो, “पावसाळ्यात असतं पाणी ह्याला.”

बसनं पूल ओलांडला. मग खिडकीकडं तोंड ठेवूनच त्या म्हणाल्या, “आस्तंय.”

तेवढंच. नांदेड यायला अजून थोडा वेळ होता.