हनुवटीवरचं नाव

वाशीम स्टेशनावर गाडी हलली तेव्हा माय रडत होती, बाबा उगाच पागोटं सारखं करत होते आणि धाकटी गंगू हनुवटीवर बोट ओढत होती. लहानपणी मोटेच्या दोरानं माझी हनुवटी फाटली होती, तिथे वण राहिला. गंगूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिनं त्या वणाचंच माझं नाव केलं होतं. हनुवटीवरून आडवं बोट ओढलं की बापू.

केनवडला आमचा भाजीचा मळा. जिभेला बोट लावून हात झटकला की मिरची, बोटं चोळून हुंगली की सांभार म्हणजे कोथिंबीर, असा सगळा मळा गंगूच्या हातांत होता. बाजारात वांगी तीच विकायची, आणि तिला फसवणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. तरी लेक बोलावी, ही बाबांची आस होती. मी सातवी पास होऊन शाळामास्तर झालो होतो. मुंबईला बहिऱ्या मुलांचे मास्तर तयार करतात असं कानावर आलं, तेव्हा बाबा म्हणाले, "जाय. शिक, अन् हिले बोलती कर."

मुंबईत ट्रेनिंग सुरू झालं. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हटलं की ती हलली पाहिजे. मुलाचा हात आपल्या गळ्याला लावून आवाजाची थरथर त्याला कळवायची, मग त्याला आरशापुढे बसवायचं. पहिला नियम मात्र एकच, हातवारे बंद. हातांनी भागलं की पोर तोंड उघडत नाही, असं सुपरिंटेंडेंट सांगत. मुलं पाठीमागे हात बांधून बसत. मला ते पुरतं पटलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो मी.

पहिल्या सुट्टीत आरसा घेऊन गावी आलो. गंगू बांधावरून धावत आली, बोट हनुवटीवर. मी तिचा हात धरून खाली केला. घरात फर्मान काढलं, हातवारे कोणी करायचे नाहीत, तिनं केले तर बघायचं नाही. शिकलेल्या पोराचा शब्द, सगळ्यांनी पाळला. दहाव्या दिवशी तिच्या तोंडून 'बापू'सारखं काहीतरी निघालं. बाबांचे डोळे भरले, मीही हुरळलो. गंगूनं कोणाकडेच पाहिलं नाही. हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली. पुढे ती तशीच बसायला लागली. बाजारालाही जाईना.

मी निघायच्या आदल्या दिवशी माय भाकर थापता थापता म्हणाली, "बापू, तू आला तवापासून पोरगी मुकी झाली रे. पयले नोती."

स्टेशनावर गंगू आली होती, पण हात पदरात. गाडी हलली तेव्हा मीच हनुवटीवर बोट ओढलं. तिचे हात पदरातच राहिले.

मी अजून मुंबईत बहिऱ्या मुलांना बोलायलाच शिकवतो. त्यांना ते लागतं, त्यात खोटं नाही. पण माझ्या वर्गात कोणी हात बांधून बसत नाही, त्यापायी साहेबांची बोलणीही खाल्ली आहेत. गंगूचे हात बाकी सगळ्यांशी पुन्हा बोलू लागले. मला मात्र ती बाही ओढून बोलवायची. सुट्टीत गेलो की पोटभर जेवू घालायची, पण त्या नावानं तिनं मला पुन्हा हाक मारली नाही. माझ्या त्या फर्मानाची लाज मला आजही वाटते.

केनवडची मंडळी पत्रातून विचारतात, मुंबई घर झालं का? इकडे आलेले आमचे लोक उलट विचारतात, गावी आता काय राहिलंय? मागल्या महिन्यात रिठदला गेलो. गंगूला तिथे एका माळ्याच्या घरी दिली आहे. दारात तिची तीन वर्षांची मुलगी खेळत होती. चांगली ऐकणारी, बडबडी पोर. तिनं मला आजवर पाहिलेलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली, मग आत चुलीपाशी बसलेल्या आईकडे धावली आणि आपल्या इवल्या हनुवटीवरून आडवं बोट ओढलं.