नवीन असेल ते पाठव

माझ्या हातून एक कॉम्प्युटर मेला आहे. तेव्हा मी परतवाड्याच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते, आणि शिकवणाऱ्याला सगळं येतं असा लोकांचा समज असतो. माझाही होता.

आमचं घर अचलपूरचं, फुलांचं. बाबा झेंडू आणि शेवंती लावायचे, आई हार गुंफायची. गावातल्या मुसलमान घरांतल्या लग्नांचे सेहरे आमच्याकडून जायचे आणि उर्दू पत्रिका चाचांकडून. चाचा कातिब होते. बोरूनं, शाईनं सुंदर उर्दू लिहायचे; त्यांनी लिहिलेला कागद छापखान्यात जायचा आणि पत्रिका होऊन यायचा. दुकानांच्या पाट्या, शाळेची प्रमाणपत्रं, कबरीवरची नावं, सगळीकडे त्यांचाच हात. मला उर्दू वाचता येत नाही, पण त्यांचा हात मी लांबून ओळखायचे. लग्न ठरलं की लोक आधी त्यांच्या ओट्यावर जायचे, मग आमच्या गाडीवर. एवढाच आमचा संबंध, पण तीस वर्षांचा.

त्या वर्षांत लग्नं आखडली होती. कापूस बुडाला की आमचाही बाजार बुडतो, हे आम्हाला कोणी वेगळं सांगायला नको. सेहऱ्यात गुलाब जाऊन झेंडू आला, मग नुसती पांढरी शेवंती. चाचांचा ओटाही रिकामा असायचा. त्यामुळे ते एका दुपारी फुलांच्या गाडीवर आले, तेव्हा मला वाटलं कामच नसेल म्हणून आले.

"बेटा, तुह्या कॉम्प्युटरवर उर्दू लिवता येते काय?"

"येते ना," मी म्हटलं. विचार न करता म्हटलं. ही माझी जुनी खोड.

त्यांनी मला घरी नेलं, दार लोटलं, कागद घेतला आणि बोरू टेकवून वरून खाली एक रेघ ओढली. उर्दूतलं पहिलं अक्षर, अलिफ, म्हणजे नुसती उभी रेघ. ती सरळ आली नाही. मधे दोनदा थरथरून वाकडी झाली. त्यांनी आणखी एक ओढली. तीही तशीच. सहा महिन्यांपासून हात हलत होता, आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

"पोरीचं अकोल्याले जमलं," ते म्हणाले. "पोराचे आजोबा उर्दूचे मास्तर होते. कोण्या तरी शादीत त्यायनं माह्या हातचं कार्ड पायलं, अन् विचारत विचारत घरी आले. हात पाहून रिश्ता जोडला त्यायनं. आता हा हात पायला तं काय म्हणतीन? बापाले बिमारी हाय, उद्या पोरीले होईन. तोडून टाकतीन."

मी म्हटलं, अमरावतीत उर्दू कंपोज करून देणारे आहेत की. तर म्हणाले, "थे करणारा एकच हाय, अन् थो अकोल्याचाच. आज देलं तं उद्या बोभाटा." एवढंच होतं सगळं. त्यांना बोरूनं लिहिल्यासारखं दिसणारं एक पान हवं होतं, दोन महिन्यांत, आणि ते कोणी केलं हे कळायला नको होतं.

क्लासमध्ये करण्याची सोय नव्हती, तिथे दहा डोळे. पण क्लासच्या मालकांनी एक जुनं यंत्र काढून टाकलं होतं, ते मी मागून घेतलं. बाबांच्या हातगाडीवर, झेंडूच्या पोत्यांखाली लपवून चाचांच्या घरी नेलं. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स टाकलं, विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली सिस्टिम. पडदा उजळला, तेव्हा चाचा इतके खूश झाले की त्यांनी मुलीला हाक मारून दाखवलं. "नवा जमाना हाय, म्या बी शिकून राहिलो." मुलगी हसली. तिला वाटलं, बापाला उतारवयात हौस सुटली.

उर्दू त्यात होती, पण छापील पुस्तकातली, रांगेत ताठ उभी राहिलेली. चाचांनी चष्मा वर करून पाहिलं. "हे शादीचं कार्ड हाय का कोर्टाची नोटीस?" त्यांना हवं ते वळण तिरपं असतं, शब्द उजवीकडून खाली उतरत येतो. तसा फाँट मी आणला, टाकला. अक्षरं आली, पण एकमेकांना सोडून, विस्कटलेली. अक्षरं जुळवणारं पॅकेज, म्हणजे छोटा प्रोग्राम, आमच्याकडे जुनं होतं. ते नवं बसवलं की झालं.

इथून पुढे मी वाया गेले. लिनक्समध्ये एक पॅकेज दुसऱ्याच्या भरवशावर चालतं. दुसरं नसलं, की पहिलं बसत नाही, आणि पडद्यावर फक्त दुसऱ्याचं नाव येतं. चाचांकडे इंटरनेट कुठलं? परतवाड्यातही धड नव्हतं. अमरावतीत माझी एक मैत्रीण सायबर कॅफे सांभाळायची. मी नावाची चिठ्ठी लिहून सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, मैत्रीण बसस्टँडवर ती घ्यायची, उतरवून सीडी करायची आणि सीडी परतीच्या गाडीनं यायची. आमच्याकडे असंच चालतं. डबे, औषधं, चाव्या, सगळं ड्रायव्हरसाहेबांच्या हाती. त्यांनी एकदा विचारलंसुद्धा, "रोज कोणाचं पिक्चर पायता हो ताई?"

सीडी आली की मी क्लास सुटल्यावर सायकल मारत चाचांकडे जायची. पॅकेज टाकायची. ते तिसऱ्याचं नाव सांगायचं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याची चिठ्ठी. तिसरं चौथ्याचं नाव सांगायचं. चाचा शेजारी बसून पाहायचे. आठवड्याभरानं म्हणाले, "याले एकदाच विचारून घे ना बेटा, काय काय पायजे थे. हे तं वरातीवाल्याइच्याही वर झालं. मान देला तं मानाले मान मांगते."

मी हसले. पण मला भीती वाटायला लागली होती, कारण विचारायचं कसं ते मला येत नव्हतं. मी कोणाला विचारणार? क्लासमध्ये सगळ्यात जास्त मलाच येत होतं.

मग मी तो शहाणपणा केला. आमच्या भागात बियाण्याच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न, "नवीन काय आलं?" मागच्या साली फसलेलं वाण कोण घेणार? म्हणून दर साली नवं पाकीट, आणि दर साली नवी फसगत. बाबासुद्धा झेंडूचं बी तसंच आणायचे. "जुनं थे जुनंच," म्हणायचे, आणि पाकिटावरचा फोटो दाखवायचे. मी त्यांना हसायची. चार बुकं शिकलेली मुलगी ना मी. आणि त्या दिवशी चिठ्ठीवर पाच नावं लिहून खाली मी काय लिहिलं, तर "जे सगळ्यात नवीन असेल ते पाठव."

मैत्रिणीनं पाठवलं. नवीनच पाठवलं, तिचा काय दोष? ती पाचही पॅकेजं आमच्या यंत्राहून दोन पिढ्या पुढची होती. एकही बसेना. शेवटी सगळ्यांनी मिळून एकच तक्रार केली, की ज्या लायब्ररीवर यंत्रातला एकूण एक प्रोग्राम उभा असतो ती पायाचीच लायब्ररी जुनी आहे. ती होती माझ्याकडे, नवीकोरी, त्याच सीडीवर. यंत्र नको म्हणत होतं. पडद्यावर स्पष्ट लिहून येत होतं, की हे बदललं तर अमुक मोडेल, तमुक मोडेल. लांबलचक यादी. मी ती वाचली नाही. पत्रिका छापायला जेमतेम दहा दिवस उरले होते. कोणाचं न ऐकता जबरदस्तीनं बसवायची एक आज्ञा असते. ती मी दिली.

एक क्षण काही झालं नाही. मग मी फायलींची यादी मागितली. आली नाही. तारीख विचारली. आली नाही. काहीही विचारलं तरी तीच एक ओळ, की लायब्ररी जुळत नाही. बंद हो म्हटलं तर बंदही होईना. शेवटी भिंतीवरचं बटण दाबलं. पुन्हा चालू केलं, तेव्हा काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या आणि तिथेच थांबल्या.

"काय म्हणते?" चाचांनी विचारलं.

"काहीच म्हणत नाही," मी म्हटलं.

उपाय होता. मूळ सीडी घालून यंत्र तिच्यावरून सुरू करायचं, जुनी लायब्ररी जागेवर ठेवायची, झालं. मी सायकल घराकडे मारली. आणि फाटकातून आत शिरताना मला आठवलं. एकदा बसवलं की सीडीचं काय काम, असं म्हणून ती मीच बाबांना दिली होती. त्यांनी ती शेवंतीच्या वाफ्यावर काडीला बांधून टांगली होती, पाखरं हाकलायला. लकलक करायची. मी सोडली, ओढणीनं पुसली. दीड महिना ऊन, धूळ आणि काडीचे ओरखडे. यंत्रानं ती तीनदा फिरवली, खरखर केलं, आणि बाहेर काढून दिली.

तेव्हा मी चाचांसमोर रडले. रागानं रडले, स्वतःच्याच. त्यांनी पाणी आणून दिलं. पेला हलत होता, पाणी बशीत सांडत होतं. "काहून रडून राहिली वो? मशीनच हाय. माणूस नाई मेलं." मला त्या वाक्याचा फार राग आला होता. अजून येतो.

अमरावतीहून मूळ सीडी पुन्हा मागवली, ती कुठे मिळाली नाही. मासिक जुनं झालं होतं. दहातले सात दिवस गेले. चाचांनी शेवटी बोरू घेतला. दार लावून तीन दिवस लिहिलं, कागदामागून कागद फाडले, आणि त्यातला बरा म्हणून जो छापखान्यात दिला, त्यातही प्रत्येक उभ्या रेघेला लाट होती. पत्रिका छापून आली. गावात ज्यांनी पाहिली त्यांनी विचारलं, आणि चाचांनी एकच उत्तर दिलं. "कॉम्प्युटरवर केलं. पोरीच्या हौसेखातर. त्याले कुठं अक्कल असते?"

लोक हसले. अकोल्याहूनही फोन आला म्हणे, आजोबा खूप हसले. माझ्या मेलेल्या यंत्रानं एवढं एक काम केलं, आळ अंगावर घेतला. मला वाटलं, सुटलो.

निकाहच्या दिवशी मी सेहरे घेऊन पहाटेच गेले. चाचांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. हातात मलमलची पट्टी आणि हळदीची वाटी. "बांध," म्हणाले. उजवा पंजा पुढे केला. जखम कुठेच नव्हती. "काझीच्या रजिस्टरात बापाची सही लागते. आजोबा म्हणून राहिले, कार्ड तं मशीननं बिघडवलं, आता सही तरी कातिबाच्या हातची पाहू द्या. सगळ्याइले सांगून ठेवलं त्यायनं."

मी बांधली. आधी हळद चोपडली, मग घट्ट पट्टी, बोटं दिसणार नाहीत अशी. घट्ट बांधल्यावर हात थांबेल असं मला वाटलं होतं. पट्टी हलत राहिली.

दुपारी रजिस्टर बायकांच्या खोलीत आलं, नवरीची कबुली आणि सही घ्यायला. मागोमाग चाचा, साक्षीदार आणि मुलाचे आजोबा. आजोबा म्हातारे होते, कोणी त्यांना अडवलं नाही. मुलीनं सही केली. बापानंच शिकवलेलं अक्षर, स्वच्छ, उतरत आलेलं. आजोबा वाकून पाहत "वाह" म्हणाले आणि पेन चाचांपुढे धरलं.

चाचांनी पट्टी दाखवली. "दारात सापडला. अंगठा घ्या."

खोलीत कोणीतरी हळहळलं. शाईचा पॅड आला. गावभरच्या लग्नांची नावं लिहिणाऱ्या माणसानं डावा अंगठा निळा केला, आणि मुलीच्या सहीखालच्या चौकोनात टेकवला. मी मनात म्हणत होते, टेकव आणि उचल, टेकव आणि उचल. पण डावाही हलत होता. मला ते माहीत नव्हतं, कदाचित त्यांनाही नसेल. ठसा एका जागी उमटला नाही. चौकोनाबाहेर जाऊन मुलीच्या नावावर फरफटला.

आजोबांनी तो ठसा पाहिला. मग पट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, कारण माझ्या बोटांना अजून हळद होती. त्यांनी रजिस्टर मिटलं, आणि चाचांचा निळा अंगठा आपल्या रुमालानं पुसायला घेतला. तो पुसता पुसता त्यांना चाचांचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागला.