दादा तिथं नेमकं काय बोलला?

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी ओसरीत मुगाची डाळ निवडत बसले होते. "निमाताई, तुमचे दादा गेले वो," एवढंच त्या म्हणाल्या आणि लगेच, कुणी विचारलेलं नसताना, सांगू लागल्या, "सकायी चहा घेतला, पेपर वाचला, अन् खुर्चीतच..." मी नुसती हो हो म्हणत राहिले. अकोल्याच्या एस.टी.त बसल्यावर, मूर्तिजापूर मागे पडल्यावर कधीतरी, मला रडू आलं. आता महिना उलटून गेला आहे. लोक विचारतात, कसे होते हो तुमचे दादा? महिन्याभरापूर्वी मी पटकन सांगितलं असतं. आता माझी जीभ अडखळते...

दिवाकरदादा माझा आतेभाऊ. दर्यापूरच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात आमच्या आत्याचं गाव. तिथल्या विहिरीला पाणी भरपूर, पण खारट. डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. दादा तेच पाणी पिऊन वाढला, इंजिनीयर झाला आणि पुढे समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामावर लागला. तेल वाहून नेणारे पाइप तपासायचे, कुठे गंज धरलाय, कुठे सांधा सैल झालाय ते सांगायचं, हे त्याचं काम. मग तो पार बाकूला गेला, कॅस्पियन समुद्रावर. 'दर्यापूरचा माणूस अखेर दर्यावर पोचला,' असं म्हणून सगळे नातेवाईक हसले होते. मी तेव्हा कॉलेजात भूगोल शिकवत असे. कॅस्पियन म्हणजे जगातला सर्वांत मोठा भूवेष्टित जलाशय, हे वाक्य मी वर्षानुवर्षं मुलांना लिहून दिलं होतं. दादा पहिल्या रजेवर आला आणि म्हणाला, "मी चाखून पायलं त्याचं पाणी. आपल्या खालच्या विहिरीसारखंच लागते वं, निमे!" इतक्या लांब जाऊन त्याला घरचं पाणी सापडलं, याचाच त्याला आनंद झाला होता.

पुढच्या रजांमध्ये तो आनंद हळूहळू विरत गेला. किनाऱ्यावर एक जुना लाकडी धक्का होता. दादा आणि त्याचा तिथला जोडीदार रसीम सुट्टीच्या दिवशी त्यावर बसून मासे धरायला गळ टाकत. एका रजेत दादा म्हणाला, धक्क्याच्या टोकाखाली आता चिखल आहे. पुढच्या रजेत म्हणाला, चिखलही वाळला, तिथं गवत उगवलंय. मी भूगोलाच्या बाईसारखी सांगू लागले, नद्यांचं पाणी अडवतात, ऊन वाढलंय, बाष्पीभवन... त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते ठीक हाय. पण पाणी कमी होऊन राहिलं अन् घाण तेवढीच जाऊन राहिली. त्याले बाहेर जायाले वाट नाई. आपल्या समुद्राचं तसं नाई ना, तो कुठल्या कुठी नेऊन टाकते. हा बिचारा सारं पोटातच ठेवते." मेलेल्या सीलांबद्दल तो एकदाच बोलला. काळ्याभोर डोळ्यांची ती जनावरं किनाऱ्याला ओळीनं लागली होती म्हणे, आणि रसीमची बायको दार लावून घरात बसली होती. कुणी म्हणालं रोग, कुणी म्हणालं तेल, कुणी म्हणालं समुद्राच्या तळातून वायू सुटला. खरं कारण दादालाही कळलं नाही.

मग एका वर्षी तो अचानक कायमचा परत आला. पाठ दुखते म्हणाला. अकोल्यात घर बांधलं आणि समुद्राचं नाव घेणं सोडलं.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी मी हट्टानं त्याला अमरावतीला कॉलेजात बोलवलं. मुलांना पुस्तकाबाहेरचं काही ऐकू दे, एवढाच माझा हेतू. दादा छान बोलला. धक्का सांगितला, पाण्यावर तरंगणारा तेलाचा रंगीत तवंग सांगितला. शेवटी मोर्शीकडची एक मुलगी उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "सर, मंग तुमी काय केलं?" "मी तिथं नोकरी करत होतो, बेटा," दादा म्हणाला आणि खाली बसला. टाळ्या वाजल्या, पण मला त्या ऐकवेनात.

घरी जेवायला बसलो. मी वांग्याची भाजी वाढत होते, तो ताटाकडे बघत बोलायला लागला. सील मेल्यावर मोठे साहेब चौकशीला आले होते. सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि एकेकाला विचारलं, आपला पाइप कुठे गळतो का? "मले मालूम होतं गळते मनून. मी सोता पायलं होतं. अन् मी म्हटलं, नाई गळत." मी वाढायची थांबले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "दादा, तुझी पोरं तेव्हा शिकत होती. दुसरं काय करू शकला असतास?" त्यावर तो एवढा चिडला की मी दचकले. "तू मले सोडवू नको, निमे! कोणीच सोडवू नका." मग भाकरी कुस्करून जेवला. त्या दिवसापासून मी दादाला ओळखत होते ते असं: एक भला माणूस, जो एकदा खोटं बोलला आणि ते कधी विसरला नाही. मला त्याची कीव यायची, आणि कीव आल्याची लाजही.

तेरवी झाल्यानंतर मी वहिनींच्या सोबतीला अकोल्यातच राहिले होते. एका दुपारी दादाच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पांढऱ्या मिशांचा म्हातारा आणि त्याच्या खांद्यामागे त्याची नात. तो रसीम होता. त्याला वहिनींच्या मुलाकडून कळलं होतं. म्हातारा त्यांच्या भाषेत बोले, नात इंग्रजीत सांगे आणि मी वहिनींना मराठीत. तो म्हणाला, त्या खोलीत आम्ही सगळे मान खाली घालून बसलो होतो. तुमचा माणूस एकटा बोलला. पाइप गळतो, मी डोळ्यांनी पाहिलंय, असं म्हणाला. थोड्याच दिवसांत त्याला घरी पाठवून दिलं. विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो...

मी अर्ध्यातच थांबले. वहिनी म्हणाल्या, "सांगा ना, काय म्हणते तो?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले तर यायनं पाठ दुखते मनून सांगतलं होतं. मी किती दिवस तेलानं मालिश केली वो यायच्या पाठीची!"

मी नातीला म्हटलं, आजोबांना विचार, त्याच्या आधी कधी दादाला विचारलं होतं का? आधी तो नाही म्हणाला होता का? ती वाकून विचारू लागली. म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उत्तर आलं: आधी आम्हाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी या दोन दादांच्या मध्ये उभी आहे. रसीम खोटं बोलला असेल? मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं त्यांच्याकडेही असेलच. की त्याच खोलीत 'नाही' रसीमच म्हणाला होता, आणि दादानं ते स्वतःवर घेतलं? की दादा खरंच बोलला होता, आणि बोलूनही पाइप तसाच गळत राहिला, म्हणून आपण बोललोच नाही असं त्याला वाटू लागलं? मुलीनं 'काय केलं' विचारल्यावर त्याला 'मी खरं बोललो' असं सांगता आलं असतं. मुलं उभी राहिली असती. स्वतःबद्दल एवढं वाईट खोटं कुणी बोलतं का? वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मले काय माईत बाई. माह्या नवऱ्याची पाठ दुखत होती, एवढंच मले मालूम." त्यांचं तरी काय चुकलं? दुखत असेलही. मुलगा म्हणाला, आत्या, आता उकरून काय करायचं! त्याचंही बरोबर आहे. पण मला दादाला काहीतरी म्हणायचं आहे, आणि काय म्हणायचं तेच समजत नाही. माफ कर म्हणू, की शाबास?

मी अमरावतीला निघायच्या दिवशी सकाळी वहिनी मागच्या अंगणात दिसल्या. सिमेंटच्या टाक्याचं झाकण सरकवून त्या आत वाकल्या होत्या. तळहातानं पाणी हळूच बाजूला सारलं, हात नाकाजवळ नेला, पुन्हा सारलं.

"काय पाहता वहिनी?"

"काई नाई वो. हे रोज पाहत होते. पाण्यावर काई तरंगून राहिलं का, वास येते का... मी मने, आपल्या टाक्यात कुठून येईन तेल? तरी पाहत." त्यांनी हात पदराला पुसला आणि पुन्हा पाण्याकडे बघितलं. "आता कोणी तं पायलं पायजे ना. पण मले वास येते का नाई, तेच समजत नाई. तुमी पाहा बरं एक डाव."

मी पिशवी खाली ठेवली आणि वाकले. उन्हाचा एक कवडसा पाण्यावर पडला होता, त्यात कसलेतरी रंग हलत होते. मी वास घेतला, डोळे मिटून पुन्हा घेतला. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता आणि वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"समजत नाही हो, वहिनी," मी म्हणाले आणि तिथंच वाकून राहिले.